आमच्या खांडीचा आमदार

खाडीच्या काठाला गाळ कसा साचतो, कधी बघितलंय? कोणी आणून टाकत नाही. भरती येते, बोटभर ठेवून जाते. पुन्हा येते, पुन्हा ठेवते. मग एक दिवस होडी टेकते तेव्हा कळतं, अरे, इथे तर डोंगर झाला! जोमाभाऊच्या गोष्टींचं माझ्याकडे तसंच झालंय. मी काही मुद्दाम जमवल्या नाहीत. तो आमदार होता आणि मी त्याचा होडीवाला. खाडीपार न्यायचो, आणायचो. तो बोलायचा, मी वल्हवायचो. साचलं ते साचलं.

मी शाळेत गेलो नाही, म्हणून नात लिहून घेतेय. मधेच थांबते आणि विचारते, "आजोबा, हे खरं?" खरं आहे गं बाय, लिही. शुद्धलेखन चुकलं तर तिचं, गोष्ट खोटी निघाली तर माझी!

आधी जागा सांगतो. तेव्हा पूल नव्हता, स्टेशन नव्हतं, आणि सेक्टर तर देवाच्याही डोक्यात आले नव्हते. खाडी, खाडीला लागून मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या आत आमची भातशेती. बांधाला एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला उघडली की पावसाचं पाणी बाहेर. भरतीला लागली की खारं पाणी बाहेरच. आमची उघाडी कुजली होती. मोठं उधाण आलं की तिच्या बाजूचा बांध फुटायचा. फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. आणि ही खांड पडायची ती नेमकी चांगुणाकाकीच्या शेताच्या तोंडाशी! काकी विधवा, एकटी, जमीन तेवढीच. एकदा खारं पाणी शिरलं की त्या वर्षाचा भात गेला, आणि पुढच्याचाही भरवसा नाही.

खांड पडली की गावाची एक रीत होती. जो पहिला बघेल त्याने बोंब ठोकायची आणि स्वतः खांडीत उतरून उभं राहायचं. म्हणजे गावाला लांबून जागा दिसते. मग घरटी एक माणूस मातीची टोपली घेऊन धावणार. माती येईपर्यंत खांडीतल्याने हलायचं नाही, आणि वरच्यांनी त्याला हात द्यायचा नाही. का? तर एकदा का तो वर आला, की सगळ्यांना वाटतं काम झालं, आणि जो तो घरी जातो!

जोमाभाऊची बोंब गावात सगळ्यांत मोठी. तुर्भ्याच्या मिठागरावरचे लोक दचकायचे. ठाण्याहून पक्षाचे दोन पुढारी उमेदवार शोधत आले, तेव्हा नेमकी खांड पडलेली. पुढारी बांधावर उभे आणि जोमाभाऊ खाली कमरेएवढ्या पाण्यात बोंबलतोय. एक पुढारी दुसऱ्याला म्हणाला, "ह्याच्या सभेला कर्णा लागणार नाही!" तिथेच तिकीट ठरलं.

चांगुणाकाकीने मत दिलं, पण अटीवर. "जोमा, मना रस्ता नको, दिवा नको. माजी उघाडी तेवढी तिकडं बोल. नाय बसली, तं पुढच्या टायमाला मताला माज्या दारात येऊ नको!"

तिच्या दारात यायचं नाही म्हणजे गावात यायचं नाही. सगळ्या बायका काकीच्या शब्दात. जोमाभाऊने मान डोलावली. त्याला वाटलं, बोलायचं तर आहे, त्यात काय!

*

पहिल्याच अधिवेशनात तो उभा राहिला. पुढ्यात माईक. जोमाभाऊला ती दांडी तोंडासमोर नको वाटली. हाताने बाजूला सारली आणि बांधावर ठोकतात तशी हाळी दिली, "अध्यक्ष महाराऽऽज!"

होडी काठाला बांधून मीही त्याच्याबरोबर मुंबईला जायचो, तेव्हा वर गॅलरीत बसलो होतो. माझ्या शेजारचा एक म्हातारा झोपला होता, तो उठून उभाच राहिला. खाली लिहून घेणाऱ्यांच्या हातातली पेन्सिल पडली.

अध्यक्ष मोठे शांत गृहस्थ. म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी जरा हळू बोलावं. आम्ही जवळच बसलो आहोत."

"महाराज, तुमी जवळ हाव," जोमाभाऊ म्हणाला, "पन सरकार लांब हाय!"

सगळं सभागृह हसलं. मंत्रीसुद्धा हसले. हसण्यातच त्याची वेळ संपली.

संध्याकाळी होडी धक्क्याला लागली, तर चांगुणाकाकी पदर खोचून उभी. "माजी उघाडी बोललास का?"

"काकी, सगले लय हसले."

"मी हसायला सांगितलावता का रं तुला?"

*

मग गावाने ठरवलं, जोमाभाऊला शिकवायचं. शाळेचे पांडू मास्तर पुढे झाले. मास्तर घाटावरचे, शुद्ध बोलायचे. त्यांनी सुंदर भाषण बनवलं आणि जोमाभाऊकडून ओटीवर घोकून घेतलं. आंबीवहिनी, म्हणजे जोमाभाऊची बायको, अध्यक्ष. तिला पाटावर बसवली. मास्तरांनी शाळेची घंटा आणली. म्हणाले, "तिथे वेळ संपली की घंटा वाजते. घंटा झाली की बसायचं. नियम म्हणजे नियम!"

आंबीवहिनीला घंटा फार आवडली. जोमाभाऊ उभा राहिला रे राहिला, की टण! बस खाली. पुन्हा उभा, पुन्हा टण! आठवडाभर घरात हेच. जेवायला वाढलं की टण. म्हैस ओरडली की टण. शेवटी शेवटी घंटा ऐकली की जोमाभाऊचे गुडघे आपोआप वाकायचे.

अधिवेशनात भाषण झकास चाललं. मास्तर माझ्या शेजारी गॅलरीत, ओठ हलवतायत. खाडी झाली, शेतकरी झाला, कष्ट झाले. मग जोमाभाऊने छाती फुगवली आणि म्हणाला, "तर अध्यक्ष महाराज, आमच्या गावाची मुख्य मागणी अशी की..."

टण!

जोमाभाऊ खाली बसला.

आता बाकीचे सदस्य घंटेनंतरही खुशाल बोलतात. "एकच मिनिट महाराज" म्हणतात आणि आणखी एक भाषण करतात. अध्यक्षसुद्धा थांबून राहिले. म्हणाले, "वाक्य पुरं करा." पण जोमाभाऊ हात जोडून बसलेला. नियम म्हणजे नियम!

धक्क्यावर काकी. "बोललास का?"

"बोललो ना."

"कुठपरत?"

जोमाभाऊने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं.

"'अशी की' परत," तो म्हणाला.

*

पुढे त्याने भाषणाचा नाद सोडला आणि प्रश्न विचारायला लागला. लेखी प्रश्न टाकायचा, मंत्री उभे राहून उत्तर देणार. उघाडीचा प्रश्न त्याने टाकला. मंत्री उठले, म्हणाले, "विचार चालू आहे," आणि बसले.

पुढच्या अधिवेशनाला तोच प्रश्न. तेच उत्तर. तेवढ्यात मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, सगळीकडे पेढे वाटले. जोमाभाऊला वाटलं, आता तरी. पुन्हा विचारलं. विचार चालू आहे! मग त्याने हुशारी केली. उत्तर झाल्याबरोबर उठून उपप्रश्न विचारला, "किती टाइम चालनार?"

मंत्री म्हणाले, "त्याला वेगळी नोटीस पाहिजे."

म्हणजे काय, तर हा नवा प्रश्न, तो नव्याने लिहून द्या, मग सवडीने उत्तर देऊ. जोमाभाऊ येऊन होडीत बसला. मग म्हणाला, "कमळू, मानूस हुशार हाय. दोन वाक्यात पाच वर्सं काढील."

ही दोन वाक्यं गावभर झाली. मला कोणी विचारलं, होडी कधी सुटणार, तर मी म्हणायचो, विचार चालू हाय. पोरांना मास्तर विचारायचे, "पाढे पाठ झाले का?" पोरं म्हणायची, "नोटीस पायजे!" आंबीवहिनी नवऱ्याला म्हणाली, गोठ्याचं छप्पर गळतंय, कधी शाकारणार? जोमाभाऊ ऐटीत म्हणाला, "विचार चालू हाय."

दुपारी तो पाटावर बसला. पुढ्यात रिकामी ताटली. आमटीचा वास येतोय, ताटली रिकामी.

"आंबी, भात?"

"विचार चालू हाय," आतून आवाज आला.

त्याच दुपारी छप्पर शाकारलं गेलं.

जोमाभाऊ मला म्हणाला, "बघ. सरकार चालवायचं ते असं चालवायचं."

*

मंत्र्यांबद्दल वाईट बोलणार नाही. गोड माणूस. फक्त हातात सापडायचा नाही. एकदा त्यांनी उत्तरात सांगितलं, की खाडीच्या पाण्याने शेताचं नुकसान होतं असं खात्याला आढळलेलं नाही. जोमाभाऊ भडकला. चांगुणाकाकीला म्हणाला, "काकी, तुज्या शेतातला पानी काढ नि त्यात पेज शिजव. मीठ टाकू नको."

काकीने मडकं भरून पेज दिली. मी ती मांडीवर धरून नेली. जोमाभाऊने मंत्र्यांना कँटीनमध्ये गाठलं, वाटी पुढे केली. मंत्र्यांनी घोट घेतला, मिटक्या मारल्या. "वा! गावाकडची चव!"

"साहेब, मीठ बरोबर हाय का?"

"अगदी बरोबर."

जोमाभाऊ टेबलावर हात आपटून म्हणाला, "मीठ टाकलंच नाय! ते तुमच्या खाडीनं टाकलाय!"

कँटीनमधले सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, जिंकलो. मंत्र्यांनी शांतपणे उरलेली पेज संपवली, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या भगिनींचा मिठाचा खर्च वाचला. सरकार आणखी काय करणार?"

येताना अर्ध्या खाडीत जोमाभाऊ एकदम हसायला लागला. होडी हलायला लागली इतका हसला. "काय बोलला पन, कमळू! काय बोलला!"

काकीला मात्र हसू आलं नाही. रिकामं मडकं घेतलं नि म्हणाली, "तो पेज पिऊन गेला. मी काय पिऊ?"

त्या दिवसापासून जोमाभाऊ ती गोष्ट कोणाला सांगायचा नाही. मीच सांगतो.

*

एका वर्षी दुष्काळावर चर्चा निघाली. कोरड्या भागातले आमदार एकेक उभे राहून सांगतायत, विहिरी आटल्या, पाणी द्या, पाणी द्या. जोमाभाऊचे डोळे भरून आले. तो उठला.

"अध्यक्ष महाराज, ह्या भावांना पानी पायजे. आमच्या काकीच्या शेतान नको तेवढा शिरतंय. सरकारनं घेऊन जावा. आमची मनाई नाय!"

टाळ्या पडल्या. तिकडचे एक आमदार भारावून उठले आणि म्हणाले, "ह्या उदार सदस्यांचे आम्ही आभारी आहोत."

"फकस्त खारा हाय," जोमाभाऊ म्हणाला. "मागाहून तक्रार नाय चालायची."

*

असं करता करता पाच वर्षं संपत आली. निवडणूक दिसायला लागली. चांगुणाकाकीने धक्क्यावर येणं सोडलं. हे जास्त वाईट होतं. ती यायची तेव्हा शिव्या तरी मिळायच्या. त्या वर्षी तिने शेतात पेरलंच नाही. "कोनासाटी पेरू? खाडीसाटी?" एवढंच म्हणाली.

आणि अशात तो सभात्यागाचा दिवस आला.

कशावरून तरी विरोधी पक्ष चिडला. घोषणा झाल्या आणि सगळे तरातरा बाहेर. जोमाभाऊ विरोधी पक्षाचाच. पण तो जागेवरच! नेत्याने दारातून खुणा केल्या, डोळे वटारले. हा ढिम्म. सगळी बाकं रिकामी आणि मध्ये एकटा जोमाभाऊ, ओसाड शेतात बुजगावणं असावं तसा.

अध्यक्षांना राहवलं नाही. "सन्माननीय सदस्य बाहेर का गेले नाहीत?"

"महाराज," तो म्हणाला, "खाडीला ओहोटी हाय. भरती लागल्याबिगर कमळूची होडी सुटत नाय. आता भाईर जाऊन करू काय?"

मंत्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि विरोधक नाहीत, कटकट नाही, मंत्री एकदम खुशीत. जोमाभाऊने तेवढ्यात उघाडीचा प्रश्न पुढे सारला. मंत्री नेहमीचं वाक्य बोलायला उठले, पण समोर बघितलं तर तो एकटाच बसलेला. काय वाटलं कोणास ठाऊक. म्हणाले, "मी स्वतः येऊन खांड बघतो. तुम्हीच दिवस सांगा."

होडीत बसल्या बसल्या जोमाभाऊने मला विचारलं, "कमळू, मोठा उधाण कवा हाय?"

"पुनवेला."

"मंग साहेबाला पुनवेलाच बोलावू."

*

उघाडी बसली. दगडी, भक्कम, पावसाच्या आधी बसली. पुढे चांगुणाकाकी बरीच वर्षं त्या शेतात पिकवून जेवली, आणि जोमाभाऊला तिने मतही दिलं. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती कशी बसली ते आता सांगतो.

पुनवेच्या दिवशी मंत्री आले. पांढरंशुभ्र धोतर, कोल्हापुरी वहाणा, सोबत बूटवाले दोन अधिकारी आणि एक फोटोग्राफर. मीच आणलं सगळ्यांना होडीतून. गाव बांधावर जमलेलं. आदल्या भरतीने खांड चांगली दारासारखी पडली होती. खाली नुसता चिखल, कडेने पाण्याची एक रेघ आत यायला लागलेली.

मंत्र्यांनी बांधावरून बघितलं, मान हलवली. "हं. विचार करण्यासारखं आहे."

फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा खाली उतरता का? इथून खांड दिसत नाही."

अधिकाऱ्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मंत्री मात्र शूर. धोतर उचललं आणि उतरले. मधोमध उभे राहिले, छान हसले. फोटो निघाला.

मग निघायला पाय उचलला, तर उचलेना! आमच्या खाडीचा चिखल तो. एक पाय ओढला की दुसरा आणखी आत. वहाणा तर कधीच दिसेनाशा झालेल्या. तेवढ्यात भरतीची पहिली लाट खांडीतून आत आली आणि घोट्याला लागली.

"जोमाभाऊ," मंत्री म्हणाले, "हात द्या हो जरा."

जोमाभाऊने हात पुढे केलाच होता. चांगुणाकाकीने त्याचं मनगट धरलं.

"हात दियाचा नाय!"



"खांडीत उबा राह्यला त्याला माती येईपरत कोनी हात दियाचा नाय. आमच्या गावाची रीत हाय. जोमा, तू उबा राह्यलास, तुजा बाप उबा राह्यला, माजा घो उबा राह्यला. यो मानूस काय आभालातून परलाय?" आणि बायकांकडे वळून ओरडली, "चला गं, टोपल्या घ्या! मातीला चला!"

बायका निघाल्या. धावत नाही, चालत. गप्पा मारत. माती आणायची जागा चांगली लांब, टेकडीच्या पायथ्याशी.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. एक अधिकारी पुढे झाले, तर चिखलात बूट रुतला, तो तिथेच सोडून एका पायावर मागे आले. पांडू मास्तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." पाणी गुडघ्यापर्यंत आलं. धोतर फुगून तरंगायला लागलं. मंत्र्यांचा चेहरा त्या धोतरापेक्षा पांढरा झाला.

"अहो, पाणी वाढतंय!" ते ओरडले. "मला वर घ्या! जोमाभाऊ, अहो, काहीतरी करा! किती वेळ असा उभा राहू मी?"

जोमाभाऊने टोपी सारखी केली. घसा खाकरला. काकीच्या हातातून मनगट सोडवलं आणि तिच्याचकडे तोंड करून, दोन्ही हात जोडून, बांध दणाणेल अशा आवाजात म्हणाला,

"अध्यक्ष महाराज, विचार चालू हाय. आनि किती वेळ, त्याला वेगळी नोटीस पायजे!"